बुधवारची गोळी

"घास उतरत नाही गं, पण तू तोंड असं पाडू नकोस. चांगलं लक्षण आहे," एमाहोय वोर्के म्हणाल्या आणि इंजेराच्या आंबट पोळीचा तुकडा त्यांनी जवसाच्या पाण्यात पुन्हा बुडवला.

फिकिर्ते समोरच्या बुटक्या स्टुलावर बसली होती. संन्यासिनीचं व्रत घेतलेल्या वोर्केंना सगळं गाव एमाहोय म्हणायचं, तीही म्हणायची. शुभ शुक्रवाराआधीच्या मोठ्या उपासाचा पाचवा रविवार होता. सकाळची प्रार्थना आटोपून बायका घरोघरी परतल्या होत्या आणि शेजारून कॉफी भाजल्याचा वास येत होता. एमाहोयनी तो तुकडा तोंडात घातला, डोळे मिटले, मान थोडी पुढे काढली आणि गिळला. गिळताना त्यांचा डावा हात आपोआप छातीवर गेला. मग त्या हसल्या.

"कधीपासून होतंय हे?" फिकिर्तेने विचारलं.

"उपास लागायच्या आधीपासून. आधी नुसतं टोचायचं. आता जळतं. इथून इथपर्यंत." त्यांनी गळ्यापासून छातीच्या मध्यापर्यंत बोट ओढून दाखवलं. "निखारा ठेवल्यासारखं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगायचं काय त्यात? तू दुकानदारीण. तुला सांगितलं की तू कसलीतरी बाटली आणून देशील."

फिकिर्ते हसली नाही. देब्रे बिरहान गावाच्या बाजारपेठेतल्या औषधाच्या दुकानात खिडकीमागे उभं राहायला लागून तिला एकोणीस वर्षं झाली होती. गिळताना छातीत जळतं, असं कुणी खिडकीशी येऊन म्हणालं असतं, तर तिने पहिला प्रश्न विचारला असता, की हाडांची आठवड्याची गोळी चालू आहे का. इथे तो प्रश्न विचारायची गरज नव्हती. ती गोळी तिनेच दिली होती.

जानेवारीत, तिमकेतचा, ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याचा, सण झाल्यावर तीन-चार दिवसांनी, एमाहोयच्या पाठीत काहीतरी कट्‌कन वाजलं. पडल्या नव्हत्या, काही जड उचललं नव्हतं. पिठाची टोपली सरकवायला वाकल्या, एवढंच. नंतर दोन दिवस त्यांना सरळ होता येईना. फिकिर्तेने त्यांना हाताला धरून इस्पितळात नेलं. डॉक्टर हिरूत यांनी फोटो काढला आणि खिडकीच्या उजेडात धरून दाखवला. पाठीच्या मणक्यांच्या रांगेत एक मणका पुढच्या बाजूने चेपला होता. त्याच्या वरचा एक आधीच कधीतरी चेपून गेला होता आणि त्याचा कुणाला पत्ताही नव्हता.

"उंची कमी झालीये का हो यांची?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं.

फिकिर्तेला तेव्हा कळलं, की दोन वर्षांपासून एमाहोयच्या पांढऱ्या झग्याचा काठ धुळीत लोळतो आहे आणि आपण त्यांना नुसतं, काठ वर खोचा, कपडा फाटेल, एवढंच म्हणत आलो आहोत.

डॉक्टरीणबाईंनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लिहून दिली. या गोळीवर फिकिर्तेचं एक ठरलेलं भाषण होतं, आणि ते दुकानात नावाजलेलं होतं. मालक अतो मेंगेशा कधीकधी हातातलं काम ठेवून ऐकत उभे राहायचे. "हाड म्हणजे दगड नव्हे, बाई," ती सुरुवात करायची. "आत रात्रंदिवस काम चालू असतं. एक टोळी जुनं खणून काढते, दुसरी नवं भरते. तरुणपणी दोघी बरोबरीने चालतात. पाळी गेली, वय झालं, की खणणाऱ्या टोळीला जोर चढतो आणि भरणारी दमते. मग भिंत बाहेरून तशीच दिसते, आतून पोखरते. ही गोळी हाडात जाऊन बसते, आणि खणणारे खणायला आले की त्यांचे हात जड करते. नवं ती बांधत नाही. फक्त पाडापाड रोखते."

मग आवाज कडक करून ती पुढचं सांगायची. सकाळी उठल्याउठल्या, पोटात काहीही नसताना. साधं पाणी, मोठा पेला भरून, पूर्ण. कॉफी नाही, दूध नाही, क्षाराचं पाणी नाही, त्याने गोळी हाडापर्यंत पोचतच नाही. मग अर्धा तास ताठ बसायचं किंवा फिरायचं. आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही. गोळी अन्ननळीत अडकली किंवा पोटातून उलटी वर आली, तर आत भाजते, व्रण पडतो. गिळताना दुखलं तर पुढची गोळी घ्यायची नाही, आधी माझ्याकडे यायचं. दात उपटायचा असेल तर दातवाल्याला सांगायचं, कारण क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. बरीच वर्षं घेतल्यावर मांडीत ठणका लागला तर तोही सांगायचा. एवढं सगळं सांगून झाल्यावर ती समोरच्या बाईकडून परत वदवून घ्यायची. बायका चिडायच्या. ती सोडायची नाही.

एमाहोयना मात्र तिने हे काही सांगितलं नाही.

त्या दिवशी खिडकीशी गर्दी होती, हे खरं. पण गर्दी रोजच असायची. खरं कारण तिला ठाऊक होतं आणि आता स्टुलावर बसल्याबसल्या ते तिला आतून कुरतडत होतं. जिने आपल्याला आठव्या वर्षी घरात घेतलं, सूत कातून शाळेत घातलं, अक्षर वाकडं आलं तर बोटावर चाती मारली, तिला उभं करून धडा शिकवायचा, याची फिकिर्तेला लाज वाटली होती. घरी जाऊन सावकाश सांगू, असं ती मनाशी म्हणाली. आणि पाकिटावर तिने आपल्या सुवाच्य अक्षरात चार ओळी लिहिल्या. बुधवारी सकाळी. रिकाम्या पोटी. पाण्याबरोबर. मग अर्धा तास झोपायचं नाही.

बुधवार तिनेच निवडला होता. बुधवार हा वर्षभर उपासाचा वार, त्या दिवशी एमाहोय दुपार कलेपर्यंत तोंडात काही घालत नाहीत, म्हणजे गोळीला मोकळं पोट आयतंच मिळेल. ही युक्ती सुचल्यावर तिला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं. घरी जाऊन सावकाश सांगायचं मात्र राहून गेलं.

"एमाहोय," ती म्हणाली, "गोळी कशी घेता, ते मला सांगा बरं."

"तू लिहून दिलंस तशीच. एकही बुधवार चुकवला नाही."

"पाणी किती घेता?"

"पाणी म्हणजे तीर्थ गं. बुधवारी पहाटे मी मरियमच्या झऱ्यावर असते, तुला माहीत नाही का? पोटात काही नसताना जे पहिलं जायचं ते तीर्थच जाणार. साधं पाणी कसं घेईन त्याआधी?" त्यांनी ओंजळीचा आकार करून दाखवला. "तीन घोट. बापाचा, पुत्राचा, पवित्र आत्म्याचा. पहिल्या घोटाबरोबर गोळी."

तीन घोट. त्या झऱ्याचं पाणी मचूळ होतं, वाळलं की दगडांवर पांढरा थर धरायचं. फिकिर्तेने ते लहानपणी शेकडो वेळा प्यायलं होतं.

"आणि मग?"

"मग झोपत नाही. अर्धा तास काय, दिवस मावळेपर्यंत पाठ टेकत नाही. तिथेच दंडवतं घालते. एक्केचाळीस."

फिकिर्तेच्या डोळ्यांसमोर ते आलं. गुडघे टेकायचे, कपाळ भुईला लावायचं, उठायचं, पुन्हा खाली. पोट वर, गळा खाली, आणि तीन घोटांवर तरंगणारी ती गोळी. असे दहा बुधवार. त्यात चेपलेला मणका, आणि त्याच्यावर हे एक्केचाळीस वेळा वाकणं. तिने पाकिटावर झोपायचं नाही असं लिहिलं होतं. वाकायचं नाही असं कुठे लिहिलं होतं? पाण्याबरोबर असं लिहिलं होतं. साध्या पाण्याबरोबर, पेला भरून, असं कुठे होतं? म्हातारीने तिचं एकूण एक अक्षर पाळलं होतं.

"पाठ दुखत नाही वाकताना?"

"दुखते की. दुखायलाच हवी."

आता सांगायला हवं, असं फिकिर्तेने मनाशी म्हटलं आणि तोंड उघडलं. पण एमाहोय आधी बोलल्या.

"तुला मी कधी सांगितलं नाही. विचारशील विचारशील म्हणून वाट बघत होते, तू विचारलंही नाहीस. या घरात मी दूध का पीत नाही?"

फिकिर्तेला वाटायचं, आवडत नसेल तर माणूस पीत नाही, त्यात काय विचारायचं. उपास नसलेल्या दिवसांतही एमाहोय दुधाला शिवायच्या नाहीत. फिकिर्तेसाठी मात्र शेजारून रोज एक पेला यायचा, आणि तो रिकामा होईपर्यंत एमाहोय समोरून हलायच्या नाहीत. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी दुधाचं विचारलं, तेव्हाही त्या नुसत्या भिंतीकडे बघत राहिल्या होत्या.

"मोठ्या दुष्काळात आम्ही मेन्झहून चालत निघालो," एमाहोय सांगू लागल्या. त्यांचा आवाज बाजारातला भाव सांगावा तसा सरळ होता. "धनी वाटेतच गेले. मी आणि माझी देस्ता छावणीत पोचलो. चार वर्षांची होती. पोरांना दूध मिळायचं, पावडरचं, एक पेला. मोठ्यांना नाही. त्या दिवशी ती तापात होती, पेला तोंडाला लावला की मान फिरवायची. मी म्हटलं, सांडून जाईल. अर्धा मी प्यायले. अर्धा तिच्यासाठी ठेवला. तोही तिने घेतला नाही. पहाटे गेली."

"एमाहोय, तुम्ही प्यायलात म्हणून ती गेली नाही."

"तसं मला सगळ्यांनी सांगितलं. आपले पाद्री अब्बा वोल्दे तर दरवर्षी सांगतात. पण दूध सांडून जाईल म्हणून मी प्यायले नव्हते, फिकिर्ते. मला भूक लागली होती. तीस-पस्तीस वर्षं मी देवाकडे मागते आहे, की मला एकदा कळू दे. माफ केलंस की नाही, एवढं कळू दे. कधी काही कळलं नाही. आणि या वर्षी, बघ, त्या झऱ्यावर, तीर्थ गळ्याखाली उतरलं आणि आग लागली. दर बुधवारी. तीर्थ जिथे लागायचं तिथे लागलं, की असंच भाजतं म्हणतात. आतलं जळून निघतं. मी रडले गं तिथे बसून. इतकं बरं वाटलं."

त्यांच्या चेहऱ्यावर खरंच काहीतरी उजळलं होतं. फिकिर्तेने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, स्वतःच्या लग्नातही नाही.

तिने काय केलं, तर उठून कोनाड्यातलं गोळ्यांचं पाकीट पिशवीत टाकलं. "हे जुनं झालंय, नवं आणून देते," ती म्हणाली. "आणि उद्या आपण डॉक्टरकडे जाऊ." एमाहोय म्हणाल्या, औषध लागू पडलंय तर डॉक्टर कशाला. फिकिर्तेने जोर केला नाही. गोळी घरातून गेली, आता जखम आपोआप भरेल, मग कशाला त्यांच्या तोंडचा घास काढा, अशी तिने वाटेत स्वतःची समजूत घातली. समजूत पटली नाही, पण पाय घरी पोचले.

सोमवारी ती दुकानात गेली. मंगळवारीही गेली. एका बाईला हाडांची गोळी द्यायची होती, तेव्हा तिने भाषण सुरू केलं आणि मध्येच थांबली. अतो मेंगेशांनी मान वर करून पाहिलं.

"काय झालं? आज विसरलीस?"

"नाही. आठवतंय सगळं."

बुधवारी सकाळी दुकान उघडून अर्धा तास झाला असेल, तोच पलीकडच्या गल्लीतली येनेनेश धापा टाकत खिडकीशी आली. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"अगं, तुझ्या एमाहोयवर कृपा झाली. झऱ्यावर तीर्थ घेतलं आणि भडाभडा ओकल्या. काळं निघालं गं सगळं, कॉफीच्या गाळासारखं. किती वर्षांचं साचलेलं कोण जाणे. आम्ही बायकांनी असा गजर केला, की खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल."

फिकिर्तेने पांढरा कोट अंगातून काढलाही नाही. तशीच धावत सुटली. काळं, कॉफीच्या गाळासारखं. पोटात पडलेलं रक्त असं दिसतं, हे फार्मसीच्या शाळेत पहिल्या वर्षी शिकवतात. रविवारी सांगितलं असतं तर. सोमवारी ओढून नेलं असतं तर. चढ चढताना तिच्या मनात दुसरं काही येत नव्हतं.

झऱ्यापाशी एमाहोय दगडाला टेकून बसल्या होत्या. ओठ पांढरे पडले होते. भोवती बायका जीभ हलवत आनंदाचा गजर करत होत्या, एक म्हातारी त्यांच्या झग्याचा काठ डोळ्यांना लावत होती. फिकिर्तेने गर्दीत घुसून त्यांची नाडी धरली. ती बारीक आणि भराभर चालली होती.

"बाजूला व्हा. गाडी बोलवा कुणीतरी," ती म्हणाली.

"इस्पितळात? आत्ता?" कुणीतरी दुखावल्या आवाजात म्हणालं. "आत्ताच तर मोकळ्या झाल्या."

एमाहोयनी डोळे उघडले, तिला ओळखलं आणि क्षीण आवाजात म्हणाल्या, "आलीस? चुकवलंस बघ."

इस्पितळात त्यांना रक्त चढवलं. दुसऱ्या दिवशी नळी घालून आत पाहिलं. अन्ननळीच्या मध्याला एक मोठा व्रण होता, खालच्या टोकाला दोन लहान. डॉक्टर हिरूत यांनी आम्ल कमी करणारं औषध सुरू केलं, ती गोळी कायमची बंद असं कागदावर लिहून खाली दोनदा रेघ ओढली आणि फिकिर्तेकडे वळून विचारलं,

"गोळी कशी घ्यायची ते यांना कुणी समजावलं होतं?"

फिकिर्ते बोलणार, इतक्यात खाटेवरून आवाज आला. "हिने सगळं नीट सांगितलं होतं, डॉक्टरीणबाई. माझंच डोकं म्हातारं. विसरले."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. फिकिर्तेने खाली पाहिलं. एकोणीस वर्षांत तिला कुणी इतकं सहज सोडवलं नव्हतं, आणि इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं. डॉक्टरीणबाई पुढचं सांगत होत्या. व्रण भरला, की गोळीऐवजी त्याच जातीचं औषध शिरेतून देता येईल, वर्षातून एकदा, गळ्याशी त्याचा संबंध येत नाही. आधी रक्त तपासायचं, मूत्रपिंडं आणि कॅल्शियम बघायचं. दिल्यावर दोन-तीन दिवस ताप येईल, अंग मोडून येईल, घाबरायचं नाही. "आणि आजी, पुढे वाकणं बंद. तुमचे मणके आता एकही धक्का सोसणार नाहीत. दंडवत तर अजिबात नाही."

"किती दिवस?" एमाहोयनी विचारलं.

"कायमचंच समजा."

डॉक्टरीणबाई गेल्या. शेजारच्या खाटेवरची बाई झोपली होती. फिकिर्तेने स्टूल ओढलं. आता नाही तर कधीच नाही, हे तिला कळत होतं.

"एमाहोय, तुम्ही काही विसरला नाहीत. मी सांगितलंच नव्हतं."

"ठाऊक आहे मला. माझ्या डोक्याला काही झालेलं नाही."

"सगळ्यांना सांगते, तुम्हाला नाही सांगितलं. भरला पेला घ्यायचा, साध्या पाण्याचा. वाकायचं नाही. गोळी तुमच्या गळ्यात चिकटत होती. आणि रविवारी मला कळलं, तरी मी गप्प बसले. ती आग गोळीची होती, एमाहोय. ते काळं म्हणजे रक्त होतं. तुमचंच."

एमाहोय छताकडे पाहत राहिल्या. मग रविवारी जे काही तिथे उजळलं होतं, ते फिकिर्तेच्या देखत मावळत गेलं, आणि ते थांबवणारं कुठलंच औषध तिच्या दुकानात नव्हतं.

"सगळंच गोळीचं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"हो."

"पहिल्या बुधवारचंही?"

फिकिर्तेला खोटं बोलावंसं वाटलं. पहिला बुधवार तेवढा सोडून द्यावा, असं फार वाटलं.

"तेही," ती म्हणाली.

एमाहोयनी मान हलवली. "बरं झालं सांगितलंस." काही वेळाने त्या म्हणाल्या, "झऱ्यावरच्या बायकांना सांगू नकोस. त्यांनी माझ्यासाठी गजर केला. त्यांना वाईट वाटेल." मग त्यांनी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. फिकिर्ते संध्याकाळपर्यंत तिथे बसून होती.

शुभ शुक्रवारी, क्रुसाच्या दिवशी, त्या देवळात आल्या. फिकिर्तेने नको म्हणून पाहिलं, पण तिचं म्हणणं ऐकून घेण्याच्या पलीकडे त्या होत्या. व्रण भरत आला होता, पातळ पेज उतरत होती. आवारात हजारो माणसं जमली होती, पांढऱ्या शाली ओढून, अनवाणी. सकाळपासून दंडवतं चालू होती. सगळी गर्दी एकदम खाली जायची आणि एकदम वर यायची.

एमाहोय काठी टेकून उभ्या होत्या. एकट्याच.

गर्दी खाली गेली की सगळ्या आवारात त्यांची एकटीची आकृती उरायची, आणि सगळ्यांना दिसायची. बातमी गावभर झालेली होती. तीर्थाने जिचं आतलं सगळं धुऊन काढलं ती ही, तिला आता वाकायची गरज उरलेली नाही, असं बायका एकमेकींना सांगत होत्या. येताजाता त्यांच्या शालीला हात लावत होत्या. एकीने आपलं तान्हं मूल त्यांच्यापुढे धरलं. एमाहोयनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. त्यांच्या कानशिलाची शीर उडत होती. त्यांना कसं वाटत असेल, हे त्या आवारात फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस शेजारी कपाळ भुईला लावत होतं.

दिवस कलला तेव्हा अब्बा वोल्दे ऑलिव्हची फांदी घेऊन रांगेतून फिरू लागले. ज्याने त्याने आपला अपराध कानात सांगायचा, ते पाठीवर फांदी मारून दंडवतांचा आकडा सांगायचे. फिकिर्तेची पाळी आली.

"औषध देताना सांगायचं ते सांगितलं नाही," ती कुजबुजली. "आणि कळल्यावरही गप्प बसले."

अब्बांनी फांदी हलकेच टेकवली. "बारा."

"एवढीच?"

"तू पुष्कळांना बरं करतेस. बारा पुरे."

ते पुढे सरकले आणि एमाहोयसमोर आले. त्यांनाही गावातली बातमी कळलेली असावी, कारण त्यांनी फांदी खाली घेतली, मान लववली आणि पुढे निघाले. एमाहोयनी त्यांच्या झग्याची बाही धरली. अब्बा थांबले. एमाहोय हळूहळू वळल्या आणि त्यांनी अब्बांकडे पाठ केली.

"मारा," त्या म्हणाल्या.

"एमाहोय, तुम्हाला आता..."

"मारा, अब्बा. दरवर्षीसारखं."

आजूबाजूच्या बायका बघत राहिल्या. अब्बांनी फांदी उचलली आणि त्या वाकलेल्या पाठीला पानं लागतील न लागतील अशी टेकवली. "दोनशे," ते दरवर्षीचा आकडा पुटपुटले आणि पुढे गेले.

फिकिर्ते एमाहोयच्या कानाशी गेली. "तुमची मी घालते. माझ्या बारांनंतर. सगळी दोनशे."

"तुझी तू घाल," एमाहोय म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "माझी मला उभ्यानेच फेडायची आहेत."

त्यांनी काठी फिकिर्तेच्या हातात दिली. हात दोन्ही बाजूंना सोडले, पाठ जितकी सरळ होत होती तितकी सरळ केली आणि पुटपुटत मोजायला सुरुवात केली. फिकिर्ते खाली गेली. कपाळ भुईला लागलं तेव्हा तिला शेजारी त्यांचे दोन अनवाणी पाय दिसले, टाचा भेगाळलेल्या, बोटं मातीत घट्ट रोवलेली. तिची बारा झाली तेव्हा एमाहोयचा आकडा तिसापाशी पोचला होता. ती उठली नाही. पुढची घालत राहिली.